शिंगं असलेला प्रत्येक प्राणी गाय नव्हे

फेब्रुवारी 2025 मध्ये ‘छावा’ हा सिनेमा आला. त्याची सुरुवातच बऱ्हाणपूरवरच्या स्वारीने होते, त्यामुळे आमच्या गावात त्याची चर्चा जरा जास्तच झाली. मार्चमध्ये असीरगडाजवळच्या शेतांत रात्री टॉर्च आणि मेटल डिटेक्टर घेऊन माणसं मोगलांचं सोनं खणू लागली, आणि प्रशासनाला मध्ये पडावं लागलं. सिनेमा पाहून माणसं बिघडतात, असा निष्कर्ष तेव्हा कुणी काढला नाही. तोच सिनेमा सहकुटुंब पाहणं हा संस्कार. मात्र एखादा बाप आठ वर्षांच्या पोरीशेजारी बसून सिनेमावर बेतलेला व्हिडिओ गेम खेळताना दिसला, की ‘बापच असा, तर पोरीला कोण सांगणार’ हा शेरा ठरलेला.

मला असं एकत्र खेळणं गैर वाटत नाही. पण विरोधकांचा पूर्वपक्ष आधी नीट मांडायला हवा, कारण त्यात दम आहे. पडदा तो पडदा. त्यापुढे बसलेलं मूल अंगणाला, पुस्तकाला आणि झोपेला मुकतं. त्यात सिनेमावरचा गेम म्हणजे सिनेमाचीच जाहिरात, त्यातून कल्पनाशक्ती ती काय वाढणार? आणि पालक शेजारी बसला, तर मुलाला आयतीच परवानगी मिळते.

यातल्या पहिल्या मुद्द्यात अतिव्याप्ती आहे. ‘शिंगं असलेला प्राणी म्हणजे गाय’ असं लक्षण केलं की म्हैसही गाय ठरते, हे तर्कशास्त्राच्या पहिल्या पाठात शिकवतात. एकट्याने मोबाइलवर रील सरकवणं, पैसे लावून रमी खेळणं आणि आईबरोबर सोफ्यावर बसून कोडं सोडवणं, या तिन्हींना ‘स्क्रीन टाइम’ म्हणणारा नेमकं हेच करतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये मान्य केलेल्या रोगसूचीत ‘गेमिंग डिसऑर्डर’ आहे, हा दाखला हमखास दिला जातो. तो देणाऱ्यांनी त्यातली लक्षणं वाचावीत. खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळं मागे पडून खेळच पुढे येणं, नुकसान दिसत असूनही न थांबणं, आणि हे साधारण 12 महिने चालणं. तासांचा आकडा त्यात कुठेच नाही. तो आकडा त्याच संघटनेने त्याच वर्षी पाच वर्षांखालच्या मुलांसाठी दिला: दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एका तासाहून जास्त पडदा नको. तो मला पूर्ण मान्य आहे. दीड वर्षाच्या बाळाच्या हाती कंट्रोलर द्या असं म्हणायला मी काही वितंडवादी नाही.

दुसऱ्या मुद्द्याला इतिहासाचा आधार आहे. 1982 मध्ये अटारी कंपनीने ‘ई.टी.’ सिनेमावरचा गेम जेमतेम पाच आठवड्यांत बनवून घेतला. तो इतका आपटला की पुढच्या वर्षी त्याच्या कॅसेटी न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डोच्या कचरा डेपोत पुरल्या गेल्या. 2014 मध्ये लोकांनी त्या खणून काढल्या. (त्यांना निदान काही सापडलं तरी.) पण 1982 चं प्रमाण आजवर ताणायचं कशाला?

2005 मध्ये ‘ट्रॅव्हलर्स टेल्स’ या ब्रिटिश मंडळींनी लेगो या खेळण्याच्या विटांतून ‘स्टार वॉर्स’ सिनेमांचा गेम उभा केला. त्याच साच्यातून पुढे इंडियाना जोन्स, बॅटमन, हॅरी पॉटर निघाले. या गेमची रचना तपासली तर विरोधकांची निम्मी भीती जागेवरच विरते. पात्र ‘मेलं’ तर त्याचे तुकडे होतात, चार नाणी सांडतात आणि ते लगेच परत उभं राहतं. हरण्याची शिक्षा जवळजवळ नाही, म्हणून लहान बोटं रडकुंडीला येत नाहीत. काही दारं फक्त यंत्रमानवच उघडतो, काही वस्तू फक्त ‘स्टार वॉर्स’मधला जेडाय योद्धाच हलवतो, तेव्हा एकट्या शहाण्याचं चालत नाही. कुकरची शिट्टी झाली की आई खेळातून उठू शकते; तिचं पात्र यंत्र सांभाळतं आणि ती परतली की पुन्हा तिच्या हाती येतं. सुरुवातीच्या गेममध्ये तर दोघांना एकाच चौकटीत राहावं लागे. एक मागे रेंगाळला की दुसऱ्याचं पाऊल अडे. मग ‘आबा, या ना लवकर, उडी मारा!’ हे आलंच. एकमेकांना मुद्दाम बुकलताही येतं, आणि मुलं ते करतात. सहकार्य म्हणजे सदासर्वदा गोडीगुलाबी, असं कोण म्हणालं?

कल्पनाशक्तीचं म्हणाल, तर 2012 च्या दुसऱ्या लेगो बॅटमनपर्यंत ही पात्रं बोलतच नव्हती. हुंकार आणि हातवारे, बस्स. सिनेमा आधी पाहिलेला असल्याने मूल ते मुकेपण भरून काढतं आणि शेजारच्या अडाण्याला समजावून सांगतं. घरात जाणतं कोण हे तेवढ्यापुरतं उलटतं. शिवाय आमच्या बऱ्हाणपुरातल्या मराठी घरांतली मुलं शाळेत आणि गल्लीत हिंदी बोलतात, गेमचा मेनू इंग्रजीत असतो. पण आजोबांना तो समजावायचा तर मराठीतच. लेगोच्या विटा विकण्यासाठीच हा सारा खटाटोप आहे, हा आक्षेप मात्र खरा आहे आणि तो मी खोडत नाही.

उरला परवानगीचा मुद्दा. अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या सारा कॉयन आणि सहकाऱ्यांनी 11 ते 16 वर्षांच्या मुलामुलींच्या 287 कुटुंबांचा अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध केला. पालकांसोबत गेम खेळणाऱ्या मुलींमध्ये आक्रमकता कमी आणि मदतीची वृत्ती जास्त दिसली. गेम वयाला साजेसा असेल तर पालकांशी जवळीकही जास्त होती. हा संबंध आहे, कार्यकारणभाव नव्हे. जिथे आधीच गोडवा आहे तिथेच लेकी बापासोबत खेळत असतील, हेही शक्य आहे. शिवाय मुलग्यांमध्ये असा फरक आढळला नाही, आणि माझ्या बाजूचे लोक हे वाक्य सोयीस्करपणे गाळतात. आपल्याकडे दुसरा कंट्रोलर घरी आला तर तो सहसा मुलग्याच्या हाती जातो. बहीण मागे बसून पाहते. म्हणजे या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा ज्या मुलींबद्दल आहे, त्यांना खेळायलाच बसवत नाहीत.