ओट्याचा हिशेब

सोलापूर जिल्ह्यातल्या श्रीपूरच्या पायाखाली काळा दगड हवा तेवढा आहे, तरी इथल्या स्वयंपाकघरातला ओटा परमुलखातल्या दगडाचा. हा बेसाल्ट जात्याला, पाट्या-वरवंट्याला, भिंतीला उत्तम. पण तो थराथराने सुटत नाही. पातळ फरशीला चुनखडक लागतो, आणि तो कर्नाटकातल्या शहाबाद-वाडी पट्ट्यात मिळतो. तिथे पहारीने थर उचकटला की फरशी तयार.

दगड स्वस्त, वाहतूक महाग. सोलापूरहून शहाबादमार्गे रायचूरला जाणारा लोहमार्ग 1871 मध्ये पूर्ण झाला. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी कुर्डुवाडीहून पंढरपूरला पोचली 1906 मध्ये. त्यापुढे बैलगाडी. मग नीरा उजव्या कालव्यामुळे माळशिरस तालुक्यात ऊस वाढला. 1934 मध्ये चंद्रशेखर आगाशे यांनी बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट काढली, तिचा कारखाना श्रीपूरला.

दगड आला, कारखान्याचा पैसाही आला, तरी स्वयंपाक बराच काळ जमिनीवरच होत राहिला. बाईला उभं केलं ते गॅसने. शेगडी सिलिंडरपेक्षा उंचावर हवी, हा नियम. 1965 मध्ये इंडेन आलं, आणि पुढच्या दशकांत गॅस जसजसा गावोगाव पोचला तसतसा उभा ओटा रुळला. वर शहाबादी, नाहीतर आंध्रातला काळा कडप्पा. हे दोन्ही चुनखडकच. लिंबू-चिंचेचा रस सांडला की त्यांची चकाकी जाते. ग्रॅनाइटला असला आंबटपणा बाधत नाही. मात्र तो पहारीने सुटत नाही, हिऱ्याच्या पात्यानेच कापावा लागतो. पूर्वी पैसा भाड्यात जायचा, आता कापण्यात आणि घोटण्यात जातो.

म्हणूनच नुसता दगडाचा भाव विचारणारा फसतो. 10 फूट लांब, 2 फूट रुंद ओटा म्हणजे 20 चौरस फूट, हा कागदावरचा हिशेब. दुकानात त्यावर तूट चढते, कारण लादी ओट्याच्या मापाची नसते. सिंकचा खाचा सहसा वजा होत नाही, उलट तो कापायची मजुरी वेगळी लागते. पुढची पट्टी, गोल कड, भिंतीलगतची पट्टी हे रनिंग फुटावर, म्हणजे नुसत्या लांबीवर. खालचे उभे कडप्पे आणखी वेगळे. भिंत काटकोनात नसेल (जुन्या घरात ती क्वचितच असते) तर कारागीर पुन्हा पातं चालवतो, आणि तेही बिलात येतं.

तेव्हा दोन दुकानांचे दर ताडून पाहताना आधी एवढंच विचारावं: भाव चौरस फुटाचा की रनिंग फुटाचा, आणि कडेची घोटाई त्यात धरली आहे का?