निजामसागरातली काळी माती

मांजरा नदी बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगरात उगम पावते आणि धाराशिव, लातूर, बीदर असा वळसा घेत तेलंगणात शिरते. पहिल्या पावसात तिचं पाणी चहासारखं होतं. आपण म्हणतो, नदीला पूर आला. नांगरून उघडी पडलेली आपली काळी रानंही त्या पुरातून चाललेली असतात. ती कुठे जाऊन बसली, हे पाहायचं तर निजामसागरवर जावं.

मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता, तेव्हाचं हे धरण. १९२३ साली काम सुरू झालं, १९३१ साली पुरं झालं. अभियंते होते नवाब अली नवाज जंग. साठवण २९.७ टीएमसी. कालव्याच्या भरवशावर निजामाबादकडे भात-ऊस पिकू लागला, बोधनला साखर कारखाना उभा राहिला.

गाळ येणार हे बांधणाऱ्यांना ठाऊक होतंच. वर्षाला ५३० एकर-फूट येईल, असं त्यांनी धरलं. एक एकर-फूट म्हणजे एकरभर रानावर फूटभर जाडीचा थर. पुढे प्रत्यक्ष मोजणी झाली तेव्हा आकडा निघाला ८,७२५. सोळा पटींहून अधिक! पहिल्या हिशेबानं तलाव भरायला बाराशेहून जास्त वर्षं लागली असती; दुसऱ्यानं ऐंशीही लागत नाहीत.

दुसरी चूक जागेची. त्या काळी समजूत अशी, की गाळ तळाशी, विमोचकाच्या खालच्या मृतसाठ्यात जाऊन बसेल. त्या पाण्याचा कालव्याला तसाही उपयोग नसतो. पण नदी तलावात शिरते तिथेच तिचा वेग मोडतो आणि जड माती तोंडाशीच बसते. म्हणजे पिकाला मिळणाऱ्या पाण्याचीच जागा ती खाते. हे वरून दिसत नाही. तलाव काठोकाठ भरलेला दिसतो, आणि कालव्याच्या शेपटाकडचा शेतकरी पाटकऱ्याच्या नावानं बोटं मोडतो.

१९७०च्या दशकाच्या सुरुवातीला २९.७पैकी ११.८ टीएमसी उरले. मग पाण्याची पातळी साडेचार फुटांनी वाढवून साठवण १७.८वर नेली. गाळ होता तिथेच राहिला. पुढे वरच्या अंगाला सिंगूर धरण झालं. गाळ आता आधी तिथे अडतो; पाणीही तिथेच अडतं आणि हैदराबादला प्यायला जातं.

कुणी म्हणेल, गाळ उपसा! आपल्याकडे २०१७ साली 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना आली, शेतकऱ्यांनी तलावांतली माती रानात नेली. पाझर तलावाला हे जमतं, आणि ते करावंच. निजामसागरात मात्र त्या चाळीस वर्षांत बसलेला गाळच पन्नास कोटी घनमीटर. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत तीन घनमीटर धरले, तर सतरा कोटी खेपा होतात.