घोड्याचा खूर, माणसाचं नख आणि ताटातलं धान्य



डोक्यावर केसांचा गोल पट्टा गेला की आपण म्हणतो, चाई लागली. नखाच्या कडेला पू झाला की नखुरडं. अंगावर चट्टा उठला की नायटा. ही नावं आपल्या आज्या-पणज्यांची आहेत आणि एकट्यादुकट्या दुखण्याला ती बऱ्याचदा बरोबरही बसतात. पण एकाच गावात, एकाच महिन्यात, घराघरांत केस गळायला लागले आणि पुढं नखंही गळून पडली, तर त्याला काय म्हणायचं? आज आपण अशाच एका दुखण्याचा इतिहास ऐकणार आहोत.

हे दुखणं आपल्या राज्यातही दिसलं. बुलढाणा जिल्ह्यात शेगाव तालुक्यातल्या काही गावांत डिसेंबर 2024 च्या अखेरीपासून लोकांचे केस अचानक जाऊ लागले. आधी डोक्याला खाज, मग केस ओढला की हातात, आणि थोड्याच दिवसांत टक्कल. बाया, पुरुष, पोरंसोरं, सगळ्यांनाच. एप्रिल 2025 मध्ये काहींची नखं ठिसूळ आणि वेडीवाकडी झाली, काहींची गळून पडली. संशय आधी पाण्यावर गेला, बुरशीवर गेला. ठरलेली लग्नं मोडल्याच्या बातम्या आल्या. विंचूदंशावरच्या उपचारासाठी नावाजलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तिथला रेशनचा गहू आणि रुग्णांचं रक्त, लघवी, केस तपासून घेतले. त्यांत सेलेनियम फार जास्त निघालं. या दुखण्याचं मूळ त्या गव्हात आहे, असा निष्कर्ष त्यांनी मांडला.

सेलेनियम हे जमिनीतलं एक द्रव्य. स्वीडनचे शास्त्रज्ञ बर्झेलियस यांनी ते 1817 मध्ये शोधलं. ते गंधकाच्या जातकुळीतलं आहे. आपले केस, नखं आणि जनावरांची खुरं, शिंगं एकाच प्रकारच्या प्रथिनाची बनतात आणि त्या प्रथिनाला बळकटी येते गंधकामुळं. सेलेनियम जास्त झालं की ते गंधकाच्या जागी घुसतं आणि तो जोड कच्चा राहतो. म्हणून केस तुटतात, नखं सुटतात, खुरं गळतात.

या दुखण्याची जुनी लेखी नोंद माणसांची नाही, घोड्यांची आहे. अमेरिकेत आज जिथं साउथ डकोटा राज्य आहे, तिथं फोर्ट रँडल नावाची लष्करी छावणी होती. 1856 च्या सुमारास तिथल्या घोड्यांच्या आयाळीचे आणि शेपटीचे केस झडले, खुरं सुटली, बरेच घोडे मेले. मॅडिसन नावाच्या लष्करी डॉक्टरनं ते लिहून ठेवलं. पुढं तिथं वस्ती करणाऱ्या शेतकऱ्यांना वाटलं, खाऱ्या पाण्यानं हे होतं. त्यांनी दुखण्याला खाऱ्या पाण्यावरूनच नाव दिलं आणि सगळे पाण्याकडेच बघत राहिले. खरं कारण गवतात आणि धान्यात होतं. ते सेलेनियम आहे हे कळायला 1930 चं दशक उजाडलं. चुकीच्या नावापायी सत्तर-पंचाहत्तर वर्षं गेली.

माणसांचं मोठं उदाहरण चीनच्या हुबेई प्रांतातल्या एन्शी भागाचं. 1961 ते 1964 या काळात तिथं लोकांचे केस आणि नखं गेली, कातडीवर फोड आले. सगळ्यात जास्त झळ बसलेल्या 5 गावांत मिळून 248 माणसं होती, त्यातली जवळजवळ निम्मी आजारी. तपास करणाऱ्यांनी खाण्याचा माग काढला. तिथल्या दगडी कोळशात सेलेनियम भरपूर होतं. तो कोळसा झिजून ते मातीत उतरलं. शेतात चुना टाकायची रीत होती, त्यामुळं पिकानं ते आणखी ओढून घेतलं. त्यात दुष्काळ पडला, भात गेला. लोक त्याच मातीतल्या मक्यावर आणि भाजीपाल्यावर दिवस काढू लागले. माती तीच, माणसं तीच, बदललं होतं ते ताट. हा सगळा तपास 1983 मध्ये छापून आला.

आपल्या देशात पंजाबमधल्या होशियारपूर आणि नवांशहर या भागांत अशा जमिनीचे पट्टे आहेत. शिवालिक डोंगरातून पुराबरोबर आलेल्या गाळानं त्या तशा झाल्या. तिथंही जनावरांची खुरं, शिंगं आणि माणसांची नखं, केस गेल्याचं लुधियानाच्या कृषी विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी नोंदवलं आहे.

आता यात आपण शिकायचं काय? हाताचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं. मुळापासून टोकापर्यंत यायला त्याला सहाएक महिने लागतात, पायाच्या नखाला वर्ष किंवा त्याहून जास्त. म्हणजे नखावर आज दिसतंय ते काही महिन्यांपूर्वीचं असू शकतं. तोवर ते धान्य दळून, खाऊन संपलेलं असतं. मग डॉक्टरांनी तपासायचं काय? कोठीतलं धान्य कधी आलं, कुठून आलं, कधी बदललं, हे घरात कुणाला ठाऊक असतं? आपल्यालाच ना!

म्हणून गटाच्या बैठकीत आपण एवढं करू शकतो. एकाच वेळी दोन-तीन घरांत केस किंवा नखं जाऊ लागली, तर आशाताईंना लगेच सांगायचं. कोणत्या घरात कधी सुरू झालं, धान्य कुठलं, पाणी कुठलं, तेल-साबण कुठला, गोठ्यातल्या जनावरांना काही झालंय का, हे वहीत लिहायचं. त्यातलं किलोभर धान्य स्वच्छ कोरड्या डब्यात, वर तारीख लिहून, वेगळं ठेवायचं. आणि वही, डबा घेऊन सगळ्यांनी मिळून प्राथमिक आरोग्य केंद्रात जायचं. नखं इतरही कारणांनी जातात, बुरशीनं, औषधांनी, दुसऱ्या विषानं. निदान डॉक्टरच करतील. पण धागा आपण देऊ शकतो.

सेलेनियमचं नाव ऐकून घाबरूही नका. ते शरीराला लागतंच, दिवसाला सुमारे 55 मायक्रोग्रॅम, म्हणजे बारीक मिठाच्या एका कणाएवढं. चीनमध्येच केशान भागात ते कमी पडल्यानं बायका-मुलांना हृदयाचा आजार व्हायचा. पण रोज 400 मायक्रोग्रॅमच्या वर नको. म्हणून त्याच्या गोळ्या मनानं घेऊ नका.

आणि एक गोष्ट गावात ठणकावून सांगा. हे दुखणं शिवून होत नाही. ते कुणाच्या पापाचं नाही, करणीचं नाही. ज्या मुलीचे केस गेले, तिच्यात काही खोट नाही. जास्तीचं सेलेनियम पोटात जाणं थांबलं की केस परत येतात, नखंही नवी येतात. मोडलेलं लग्न मात्र तसं परत जुळत नाही. तेव्हा सोयरीक मोडायला निघालेल्या घरी आधी आपण जाऊ या, आणि हे समजावून सांगू या.