श्रुती मोजणारे डेप्युटी कलेक्टर

१/७
चारकोपमधल्या एखाद्या सोसायटीत सायंकाळचा रियाज चालू आहे. मोबाइलवरचा ट्यूनर दाखवतो, ‘गंधार उतरला’. गुरुजी म्हणतात, ‘अगदी बरोबर लागला’. खरे कोणाचे मानावे? या वादाला शंभर वर्षांहून अधिक इतिहास आहे. #धागा

२/७
षड्ज सेकंदाला २४० कंपनांचा धरला, तर तानपुऱ्याशी पूर्ण मिळणारा शुद्ध गंधार ३०० कंपनांचा येतो. हार्मोनियमचे सप्तक मात्र १२ समान भागांत विभागलेले असते; तिचा गंधार सुमारे ३०२.४. बहुतेक ट्यूनर हेच प्रमाण मानतात. फरक अल्प, पण दोन्ही गंधार एकत्र वाजवल्यास सेकंदाला दोन-अडीच हेलकावे स्पष्ट ऐकू येतात.

३/७
सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. परंपरेने सांगितलेल्या २२ श्रुती गणिताने निश्चित कराव्यात, हा त्यांचा ध्यास. किराना घराण्याच्या अब्दुल करीम खाँ यांचे स्वर तारेवर मिळवून, तारेच्या लांबीवरून ते कंपनसंख्या काढत. १९१० साली त्यांचा इंग्रजी ग्रंथ पुण्यात प्रसिद्ध झाला.

४/७
आयसीएस अधिकारी अर्नेस्ट क्लेमेंट्स यांनी हे संशोधन पुढे नेले. त्यातून श्रुती-हार्मोनियम घडली. कागदावरचे गुणोत्तर आता कानाने पारखता येणार होते.

५/७
१९१६, बडोदे. सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने आणि विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. तेथे ही पेटी विद्वानांपुढे आली. जाणत्या गायकांच्या कानांना मात्र तिचे स्वर पटले नाहीत.

६/७
मग देवलांची मोजणी व्यर्थ होती का? तसे म्हणता येणार नाही. पेटीची पट्टी दाबली की एकच स्थिर स्वर निघतो. दरबारी कानड्याचा गंधार मात्र आंदोलित असतो. त्याला एका आकड्यात बांधणे म्हणजे वाहत्या नदीचे एकाच घाटावरून वर्णन करणे. शिवाय, देवलांच्या गणिताचा आरंभही एका गायकाच्या कानापासूनच झाला होता!

७/७
कानही चकतो, सवय आणि पूर्वग्रह त्याला फसवतात. म्हणून मोजणी हवीच. परंतु काय मोजायचे, हे ठरवण्यासाठी जाणता कान लागतो. स्पीकर पारखतानाही हाच नियम. तेव्हा ट्यूनरने ‘चूक’ म्हटले, तर आधी पाहा : तो कोणाच्या मापाने मोजतो आहे?

(समाप्त)