ऑनलाइन कॅसिनोतील रक्कम काढणे (ब्रिटन)

जिंकलेली रक्कम कॅसिनोच्या खात्यातून खेळणाऱ्याच्या बँक खात्यात वळती करण्याची प्रक्रिया. ब्रिटनमध्ये तिच्यावर २००५ च्या जुगार कायद्याने स्थापन झालेल्या गॅम्बलिंग कमिशनचे नियंत्रण आहे. पूर्वी कॅसिनोच्या खात्यात पैसे भरले की ते लगेच जमा होत. ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा यांची मागणी मात्र अनेकदा काढण्याच्या वेळीच पुढे येई. ७ मे २०१९ पासून नाव, पत्ता व जन्मतारीख यांची पडताळणी खेळ सुरू होण्याआधीच करणे बंधनकारक झाले.

कागदपत्रांच्या या उशिराच्या मागणीहून घातक होती ती अर्ज मागे घेण्याची सोय. काढण्याचा अर्ज केल्यावर रक्कम काही तास, कधी काही दिवस ‘प्रलंबित’ राही आणि तेवढ्या अवधीत एक बटण दाबून ती पुन्हा डावावर लावता येई. जुगाराच्या आहारी गेलेल्या माणसासाठी हा उघड सापळाच होता. मे २०२० मध्ये, टाळेबंदीच्या काळात, कमिशनने ही सोय थांबवायला लावली. ३१ ऑक्टोबर २०२१ पासून ती कायमची बंद झाली.

बोनस घेतल्यास तो ठरावीक पटीने खेळल्याशिवाय त्यावरची कमाई सहसा हाती येत नाही. ब्रिटनमध्ये हे सारे नियमांच्या चौकटीत चालते; भारतात मात्र पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी घातली आहे.