सप्लाय चेन ऑप्टिमायझेशन म्हणजे काय? नुसता स्टॉक कमी करून का भागत नाही?

तुमच्या हातातल्या फोनमध्ये शेकडो सुटे भाग असतात. त्यातला एक जरी आला नाही, तरी फोन तयार होत नाही. कच्च्या मालापासून ग्राहकापर्यंतच्या या साखळीला सप्लाय चेन म्हणतात. ती कमीत कमी खर्चात चालवणं म्हणजे ऑप्टिमायझेशन.

मी कारखान्यांसाठी प्लॅनिंगचं सॉफ्टवेअर लिहितो. नोकरीच्या पहिल्याच वर्षी माझ्या प्रोग्रॅममुळे एका कारखान्यातला साठा दहा दिवसांवरून तीन दिवसांवर आला. सगळे खूश! मग पावसाळ्यात घाटात दरड कोसळली, रस्ता पाच दिवस बंद. काही रुपयांच्या रबरी सीलसाठी अख्खी लाईन दोन दिवस थांबली आणि कंत्राटी कामगारांचा तेवढा रोज बुडाला. कोडमध्ये बग नव्हता. मी प्रश्नच चुकीचा विचारला होता.

जस्ट इन टाइम

लागेल तेव्हा, लागेल तेवढाच माल मागवायचा, ही टोयोटाने रुजवलेली पद्धत. पैसा आणि जागा दोन्ही वाचतात. पण ११ मार्च २०११ च्या भूकंपात जपानमधला रेनेसास कंपनीचा नाका इथला चिप कारखाना बंद पडला आणि अनेक कंपन्यांच्या गाड्या रखडल्या. त्यानंतर टोयोटाने पुरवठादारांच्या पुरवठादारांचीही नोंद ठेवायला घेतली आणि चिपचा काही महिन्यांचा साठा ठेवायला लावला. २०२१ च्या चिप टंचाईत सुरुवातीला याचा फायदा झाला. तरी त्या सप्टेंबरमध्ये टोयोटालाही ठरवलेलं जागतिक उत्पादन सुमारे ४० टक्क्यांनी कमी करावं लागलं. म्हणजे साठा वेळ मिळवून देतो, संकट टाळत नाही.

सीनारियो प्लॅनिंग

भूकंप कधी होईल हे कोणतंही सॉफ्टवेअर सांगत नाही. म्हणून 'कधी' ऐवजी 'झालं तर?' असं विचारायचं. एमआयटीचे प्राध्यापक डेव्हिड सिमची-लेव्ही यांनी फोर्डसोबत काम करताना दोन आकडे वापरले:

- सावरण्याचा काळ: बंद पडलेला पुरवठा पूर्ववत व्हायला किती दिवस लागतील?
- टिकण्याचा काळ: तोपर्यंत आपण किती दिवस काम चालू ठेवू शकतो?

दुसरा आकडा पहिल्यापेक्षा लहान असेल तर धोका. आमच्या सीलचं गणित बघा: टिकण्याचा काळ ३, सावरण्याचा ५. सरळ दोन दिवसांचा खड्डा! फोर्डच्या अभ्यासातही हेच दिसलं, की भाग स्वस्त आहे म्हणून त्याचा धोका छोटा नसतो.

आता माझा प्रोग्रॅम प्रत्येक भागापुढे हे दोन्ही आकडे दाखवतो. सीलचा साठा आठ दिवसांचा केलाय, महागड्या भागांचा सरसकट वाढवलेला नाही. सीलचं एक खोकं ठेवायला किती जागा लागते? कपाटातला एक कप्पा. तो रिकामा ठेवून मी बचत दाखवत होतो.