ओवरी, पेशी आणि कांद्याचा पापुद्रा

नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्याच्या पडवीत, एका कोठडीच्या दारावर, क्षहरात क्षत्रप नहपानाची कन्या आणि उषवदाताची पत्नी दक्षमित्रा हिच्या दानाची नोंद ब्राह्मी लिपीत कोरलेली आहे. दान त्याच कोठडीचे, आणि तिला लेखात शब्द योजला आहे ‘ओवरक’. संस्कृत ‘अपवरक’ म्हणजे आतली खोली. त्याचे हे प्राकृत रूप, आणि आपली ‘ओवरी’ याच घराण्यातली. काळारामाच्या ज्या ओवऱ्यांत भर दुपारी आपण अंग टेकतो, त्यांचे नाव सुमारे १९०० वर्षे या गावचे रहिवासी आहे, या शोधाने मी मनातून सुखावलो.

पण लेखणी उचलण्यास निमित्त झाले ते वेगळेच. त्याच आठवड्यात शाळकरी पुतण्याने निफाडकडच्या कांद्याची एक मांसल पाकळी मोडून, तिच्या आतल्या बाजूचा पारदर्शक पापुद्रा चिमट्याने सोलला, काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात पसरला, वर आयोडीन सोडले आणि मला सूक्ष्मदर्शकापाशी बसविले. वीटकामासारख्या ओळी दिसल्या, आणि विटेविटेत एकेक पिवळट तपकिरी ठिपका. “काका, या पेशी, आणि तो ठिपका केंद्रक,” तो म्हणाला. मला मात्र विहाराच्या मंडपाभोवती रांगेने खोदलेल्या, दगडी ओटा आणि अंधार याखेरीज आत काहीही नसलेल्या त्या कोठड्या आठवल्या. कारण इंग्रजीत पेशीला जो ‘सेल’ शब्द आहे, त्याचा एक अर्थ भिक्षूची कोठडी असाच आहे. म्हणजे आपल्या पूर्वसूरींनी शब्दशः भाषांतर केले असते, तर आज मुलांनी ‘कांद्याच्या ओवऱ्या’ घोकल्या असत्या!

येथे एका प्रचलित समजुतीची रुजुवात घेतली पाहिजे. रॉबर्ट हूकला मठातील खोल्या आठवल्या म्हणून त्याने हे नाव दिले, असे सर्रास सांगतात. परंतु १६६५ च्या ‘मायक्रोग्राफिया’त त्याने बुचाच्या कापाला उपमा दिली आहे ती मधाच्या पोळ्याची. मूळच्या लॅटिन शब्दात खोली आणि पोळ्यातील घर हे दोन्ही अर्थ नांदत असल्याने मठवाल्यांचा दावा पुरता खारीज होत नाही, एवढेच. एका घनइंचात अशी १२५ कोटी ९७ लाख १२ हजार घरे बसतील, असा हिशेबही हूकने मांडला. मात्र त्याने पाहिले ते मेलेल्या सालीचे सांगाडे. भिंती शाबूत, बिऱ्हाड केव्हाच उठलेले. पुढे १८३१ मध्ये ब्राउनने केंद्रकाला नाव दिले, १८३८-३९ मध्ये श्लायडेन आणि श्वान यांनी वनस्पती व प्राणी दोहोंची घडण पेशींचीच असल्याचे मांडले. हा इतिहास कोणत्याही क्रमिक पुस्तकात आहे.

खरा तंटा ‘पेशी’ शब्दाचा. फारसी ‘पेश’ म्हणजे समोर. त्यावरून पेशवा, पेशकार आणि विदर्भाच्या कचेऱ्यांत पडणारी पेशी. आमच्या एका वकील स्नेह्यांनी, सूक्ष्मदर्शकापुढे हजर केली जाते म्हणून ती पेशी, अशी मखलाशी केली. ती चहाबरोबरच संपली. दुसरा पक्ष भारदस्त आहे: सुश्रुताने शरीरात ५०० पेशी आणि ९०० स्नायू मोजले, तेथे पेशी म्हणजे मांसाचा गोळा, तेव्हा तोच शब्द आधुनिकांनी उचलला. मराठीने मग स्नायूला, जो तेथे बांधणारा दोर होता, मांसपेशीच्या जागी बसविले, आणि आयुर्वेदाच्या विद्यार्थ्याच्या डोक्याला कायमचा घोर लावला. हे सारे खरे असले, तरी कांद्याला कुठले आले मांस? ज्याला वनस्पती आणि प्राणी दोघांनाही पुरेल असा शब्द हवा, तो मांसाच्या दुकानी कशाला जाईल?

माझा तर्क असा की, शब्द अंड्यातून निघाला. अमरकोशाच्या सिंहादिवर्गात पक्ष्यांच्या प्रकरणी पेशी, कोश आणि अंड ही तीन नावे एकाच ओळीत एकाच वस्तूला दिली आहेत. सुश्रुतही दुसऱ्या महिन्यातील गर्भाच्या एका आकाराला पेशीच म्हणतो. आणि महाभारतात गांधारीला झाली ती मांसपेशीच, जिचे व्यासांनी १०१ भाग करवून तुपाच्या कुंभांत ठेवविले आणि भागाभागातून एकेक देह सिद्ध झाला. एका पेशीचे विभाजन होऊन देह घडतो हे शिकविताना मास्तरांना याहून सोयीचा दृष्टांत कोठून मिळणार? हिंदीने ‘कोशिका’ पत्करली, बंगालीने ‘कोष’, आणि वाईच्या मराठी विश्वकोशानेही ‘कोशिका’ लिहून कंसात पेशीची सोय केली. हे सारे भांडण अमराच्या एकाच ओळीतील सख्ख्या भावंडांचे आहे.

त्या भावंडांत माझे मत पेशीला. कोश म्हणजे वेष्टन, ओवरी म्हणजे पोकळी, आणि हूकचा ‘सेल’ तर उघडच रिकामे घर. आत जीव आहे ही साक्ष एकटी पेशी देते, आणि तिला ती देता येते, कारण कोंबडीच्या न फळलेल्या अंड्यातील पिवळा बलक ही खरोखरीच एक पेशी असते.